चित्रकथेवरचा स्वस्त भयपट: आपल्या लेखातील दोन विधानांबाबत

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत चित्रकथांवर बेतलेल्या भयपटांविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी दोनदा वाचला. लेखकाचा या विषयाचा व्यासंग उघड आहे. तरीही त्यातील दोन विधाने मला खटकली आणि त्यांसाठीच हे पत्र लिहीत आहे. पहिले विधान मताचे आहे. चित्रकाराला राजवाडा काढायला जेवढी शाई लागते, जवळपास तेवढ्याच शाईत झोपडीही होते. चित्रपटाला मात्र राजवाडा दाखवायचा तर राजवाड्याएवढा खर्च करावा लागतो. म्हणून चित्रकथेवरचा भयपट तुटपुंज्या पैशांत काढणे म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवणे होय, असे लेखक म्हणतात. दुसरे विधान माहितीचे आहे. १९७२ सालच्या 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' या ब्रिटिश चित्रपटातील पाचही कथा त्याच नावाच्या अमेरिकन नियतकालिकातून घेतल्या आहेत, असे त्यांनी लिहिले आहे. हे दुसरे विधान चुकीचे आहे. त्याकडे शेवटी येतो.

शाईचा युक्तिवाद पहिल्या वाचनात बिनतोड वाटतो, आणि आकाशात उडणाऱ्या, इमारती उचलून फेकणाऱ्या महानायकांच्या चित्रकथांना तो बऱ्याच अंशी लागूही पडतो. परंतु भयकथेच्या चित्रकथेत वाचक घाबरतो तो चित्रात काढलेल्या वस्तूला क्वचितच. तो घाबरतो पुढच्या चौकटीत काय असेल या कल्पनेला, आणि दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत जे घडून गेले पण कोणी काढले नाही, त्याला. पहिल्या चौकटीत दाराच्या मुठीवर हात आहे आणि दुसऱ्या चौकटीत दार सताड उघडे आहे. मधला क्षण वाचकाने स्वतःच्या मनात काढलेला असतो. तिथे चित्रकाराचा शाईचा थेंबही खर्च झालेला नसतो. मग चित्रपटवाल्याने तरी तिथे पैसा का ओतावा?

ज्या चित्रकथांवरून हा चित्रपट निघाला त्या कशा तयार होत, हे पाहिले तर मुद्दा अधिक स्पष्ट होईल. विल्यम गेन्स हे या चित्रकथा छापणाऱ्या ईसी कॉमिक्स या अमेरिकन संस्थेचे प्रकाशक आणि अल फेल्डस्टीन हे संपादक. दोघे मिळून कथानक रचत आणि फेल्डस्टीन ते थेट चित्रफलकावर चौकटी आखून लिहून काढत. त्यानंतर अभियांत्रिकी आराखड्यांवर अक्षरे काढण्यासाठी वापरले जाणारे लेरॉय नावाचे साधन घेऊन सगळा मजकूर त्या फलकावर उमटवला जाई, आणि मग कुठे तो फलक चित्रकाराच्या हाती पडे. म्हणजे मजकूर आधी आणि चित्र नंतर. अनेक चौकटींत निम्मी जागा अक्षरांनी व्यापलेली असे आणि चित्रकाराला उरलेल्या जागेत भागवावे लागे. कथा सहा ते आठ पानांची. धक्का बहुतेक वेळा अगदी शेवटच्या चौकटीत. अंथरूण पाहून पाय पसरण्याची ही शिस्त त्या चित्रकथांच्या बांधणीतच होती. ग्रॅहम इंगल्स, जॉनी क्रेग, जॉर्ज इव्हान्स हे चित्रकार थोर ठरले ते या अडचणीत राहून.

आता चित्रपटाकडे वळतो. अ‍ॅमिकस ही मिल्टन सुबोत्स्की आणि मॅक्स रोझेनबर्ग या दोन अमेरिकनांनी इंग्लंडमध्ये चालवलेली छोटी निर्मितीसंस्था. या चित्रपटाचा खर्च १,७०,००० पौंड असल्याचे सांगितले जाते. तेवढ्यात जोन कॉलिन्स, पीटर कुशिंग, राल्फ रिचर्डसन, इयन हेंड्री, नायजेल पॅट्रिक, पॅट्रिक मगी एवढी नावे कशी बसली? उत्तर साधे आहे. एका चित्रपटात पाच कथा गुंफल्या की प्रत्येक नामवंत नटाची गरज काही दिवसांपुरतीच उरते. संपूर्ण चित्रपटासाठी जो नट परवडला नसता, तो एका कथेसाठी परवडतो. सुबोत्स्कींचे हे गणित जुनेच होते. १९६५ पासून ते असे कथागुच्छ काढत आले होते. सहा-आठ पानांच्या चित्रकथेला चित्रपटभर ताणत बसण्याची वेळही त्यामुळे आली नाही. काटकसरीसाठी निवडलेला घाट मूळ कथांच्या मापाचाच निघाला.

दिग्दर्शक फ्रेडी फ्रान्सिस हे मूळचे छायाचित्रकार, आणि १९६० च्या 'सन्स अँड लव्हर्स'साठी ऑस्कर मिळवलेले. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण चौकटीत काय ठेवायचे आणि काय बाहेर सोडायचे याचा विचार ज्याने आयुष्यभर केला, अशा माणसाच्या हाती हे काम पडले. 'रिफ्लेक्शन ऑफ डेथ' ही कथा पाहा. बायकामुलांना सोडून प्रेयसीबरोबर निघालेल्या एका माणसाच्या मोटारीला अपघात होतो. तो उठून चालू लागतो, आणि जो कोणी त्याला पाहतो तो किंचाळून पळतो. मूळ चित्रकथेत निवेदन वाचकालाच 'तुम्ही' म्हणून उद्देशून केले आहे आणि चौकटी त्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत. फ्रान्सिस यांनी हेच उचलले: अपघातानंतर कॅमेराच तो माणूस होतो. आपल्याला दिसतात ती इतरांची भेदरलेली तोंडे. त्याचा स्वतःचा चेहरा दिसत नाही. शेवटी एका टेबलाच्या काचेत त्याचे प्रतिबिंब पडते आणि तेवढ्यापुरतीच रंगभूषा लागते. हिशेबनीसाने पाहिले तर नटाचे आणि रंगभूषेचे दिवस वाचले. प्रेक्षकाने पाहिले तर तो मूळ चित्रकथेच्या जितका जवळ गेला, तितका कितीही पैसे ओतून गेला नसता.

'ब्लाइंड ॲलीज' ही पाचवी कथा तर माझ्या मते या सगळ्या वादाचा निकालच लावते. अंधांच्या एका आश्रमावर एक निवृत्त मेजर अधीक्षक म्हणून येतो. येताच तो खर्चाला कात्री लावतो: कोळसा कमी, जेवण कमी, पांघरुणे कमी. स्वतःच्या खोलीत मात्र चित्रे टांगतो, आणि त्याच्या कुत्र्याच्या ताटलीत मांस पडते. थंडीने आजारी पडलेला एक रहिवासी वेळेवर मदत न मिळाल्यामुळे मरतो. मग बाकीचे अंध काही न बोलता कामाला लागतात. तळघरात लाकडाचे ठोकाठोकीचे आवाज येतात. मेजरला एका कोठडीत कोंडले जाते, कुत्र्याला शेजारच्या कोठडीत, आणि दोघांनाही उपाशी ठेवले जाते. काही दिवसांनी मेजरचे दार उघडते आणि समोर एक अरुंद बोळ दिसतो. इतका अरुंद की अंग चोरूनच जावे लागेल, आणि दोन्ही भिंतींवर दाढीची पाती बसवलेली. तो श्वास रोखून, एकेक पाऊल टाकत पलीकडे पोहोचतो, तर तिथे भुकेने पिसाळलेला कुत्रा. तो मागे वळतो, आणि कोणीतरी दिवा मालवतो.

या दृश्याला काय लागले? लाकडाच्या फळ्या, पाती, एक कुत्रा, एक दिव्याचे बटण. रक्ताचा पाट नाही, राक्षस नाही, जादू नाही. पडदा काळा होतो आणि उरलेले आपण पाहतो. दोन चौकटींमधल्या त्या कोऱ्या पट्टीचे चित्रपटातले रूप याहून नेमके मला दुसरीकडे सापडलेले नाही. आणि काटकसरीने काढलेल्या चित्रपटातील सर्वांत भेदक कथा नेमकी काटकसरीच्या क्रौर्याविषयी असावी, हा योगायोग मला दर वेळी पाहताना गमतीचा वाटतो.

पहिली कथा सर्वांना ठाऊक आहे. नाताळच्या आदल्या रात्री बायको नवऱ्याचा खून करते. तेवढ्यात रेडिओवर बातमी लागते की सांताक्लॉजच्या वेषात एक वेडा खुनी मोकाट सुटला आहे. तो घराबाहेर येऊन ठेपतो, पण प्रेत घरात पडलेले असल्याने तिला पोलिसांना बोलावण्याची सोय नाही. एक घर, एक स्त्री, एक लहान मुलगी, रेडिओवरची नाताळची गाणी, आणि संवाद जवळजवळ नाहीतच. याच कथेवर १९८९ साली रॉबर्ट झेमेकिस यांनी एचबीओच्या मालिकेसाठी पुन्हा भाग काढला. तो देखणा आहे, झटापट आणि पाठलाग त्यात भरपूर आहे, हातात साधने किती तरी अधिक होती हे दिसते. परंतु खुन्याला जितका वेळ आपण पाहतो, तितका तो माणूस होत जातो. १९७२ मध्ये तो खिडकीच्या काचेवर आलेला हात होता.

'पोएटिक जस्टिस'मध्ये लेखकांनी उल्लेखलेल्या भव्यतेचा प्रश्नच येत नाही, कारण ती सगळी पीटर कुशिंग यांच्या चेहऱ्यावर चालते. शेजारच्या श्रीमंत बापलेकांना डोळ्यांत खुपणारा एक म्हातारा कचरेवाला, त्याचे कुत्रे, त्याच्याभोवती जमणारी मुले, आणि भिंतीवरच्या मृत पत्नीच्या फोटोशी तो करत असलेल्या गप्पा. कुशिंग यांच्या पत्नीचे जानेवारी १९७१ मध्ये निधन झाले होते. हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला त्या गप्पा बघवत नाहीत. म्हाताऱ्याच्या पत्रपेटीत व्हॅलेंटाइनच्या दिवशी जी विषारी कार्डे येऊन पडतात, त्यांच्यापुढे वर्षभराने थडग्यातून उठणारे त्याचे प्रेत फिके आहे.

माझ्या म्हणण्याला बाध येईल अशी उदाहरणे मी लपवत नाही. याच चित्रपटातील 'विश यू वेअर हिअर' ही कथा फसली आहे. तीन इच्छा पुऱ्या करणाऱ्या मूर्तीची ही जुनी कल्पना. तुकडे केले तरी जिवंत राहणारा देह शेवटी समोर आणावा लागतो, आणि तिथे पाहणारा घाबरण्याऐवजी हे कसे केले असेल याचा विचार करू लागतो. दुसरे उदाहरण १९८२ च्या 'स्वॅम्प थिंग'चे. लेन वाइन आणि बर्नी राइटसन यांनी १९७१ मध्ये एका छोट्या कथेत जन्माला घातलेला हा दलदलीतला प्राणी राइटसन यांच्या रेषांत अर्धा अंधाराचा आणि अर्धा वेलींचा असे. वेस क्रेव्हन हे पुढे फार मोठे ठरलेले दिग्दर्शक. पण साऊथ कॅरोलिनाच्या दलदलीत भर उन्हात त्यांनी रबरी पोशाख घातलेला माणूस उभा केला आणि सांध्यांवरच्या घड्या सगळ्यांना दिसल्या. आपले लेखक बरोबर आहेत ते इथे. मात्र मी दोष देईन तो पैशांच्या कमतरतेला नव्हे, तर खिशात पैसे नसताना जे दाखवायला नको होते ते दाखवण्याच्या हट्टाला. तोच पोशाख संध्याकाळच्या धुक्यात पाण्याखालून अर्धाच वर आला असता, तर निर्मात्याचा एक छदामही जास्त गेला नसता.

जपानमधले उदाहरण मला याहून अधिक विचार करायला लावते. जुंजी इतो यांची 'उझुमाकी' ही चित्रकथा १९९८-९९ मध्ये क्रमशः येत होती. एका गावाला चक्राकार आकृतीचा शाप लागतो, एवढेच तिचे बीज. पुढे पुढे ती इतकी प्रचंड होते की शेवट पडद्यावर आणायला खजिना लागेल. २००० साली हिगुचिन्स्की या दिग्दर्शकाने चित्रपट काढला तेव्हा निर्मितीच्या काळात मूळ कथा पूर्णही झालेली नव्हती. त्यांनी काय केले? चक्र शोधले ते रोजच्या वस्तूंत: गोगलगायीच्या शंखात, केसांच्या वळणात, धुराच्या वेटोळ्यात. चित्रकथेत चक्राच्या वेडाने झपाटलेला बाप लाकडी पिंपात वेटोळे होऊन मरतो. चित्रपटात तो धुलाईयंत्रात शिरतो. घराघरात असलेले ते यंत्र त्यानंतर वेगळेच दिसू लागते. शेवटाकडे तर चित्रपट गावातल्या अनेकांचे काय झाले हे स्थिर छायाचित्रांत दाखवतो. काही परीक्षकांना ती पळवाट वाटली. मला वाटते, चित्रकथेवरून निघालेला चित्रपट त्या क्षणी पुन्हा चौकटींकडे परतला, आणि हालचाल थांबल्यामुळे ती प्रेते अधिक अंगावर आली.

दाखवण्याची मर्यादा कुठे आखायची या प्रश्नावरून एक जुना प्रसंग आठवतो, आणि तो आपल्या लेखात यायला हवा होता. २१ एप्रिल १९५४ रोजी बालगुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे गेन्स यांची साक्ष झाली. एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात स्त्रीचे छाटलेले मुंडके असे त्यांच्या एका अंकाचे मुखपृष्ठ सिनेटर केफॉव्हर यांनी पुढे धरले आणि हे सुरुचीला धरून आहे का, असे विचारले. भयकथेच्या अंकासाठी आहे, असे गेन्स म्हणाले. मुंडके आणखी थोडे वर धरून मानेतून रक्त ठिबकताना दाखवले असते तर ते अभिरुचीहीन झाले असते, असेही त्यांनी सांगितले. या उत्तराची तेव्हा यथेच्छ टिंगल झाली आणि राजकारण म्हणून ते उत्तर आत्मघातकी होतेच. परंतु कारागीर म्हणून गेन्स यांनी सांगितले ते खरे होते. चौकटीची खालची कड कुठे येते यावर भयकथेतले सारे काही ठरते, आणि ती कड दोन बोटे वर किंवा खाली घ्यायला पैसे पडत नाहीत.

त्याच वर्षी अमेरिकेतील चित्रकथांच्या व्यवसायाने स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. तिच्यानुसार मुखपृष्ठावरच्या नावात 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्द वापरण्यास मनाई झाली आणि चालती प्रेते, रक्तपिपासू, नरवृक हद्दपार झाले. ईसीची भयकथांची नियतकालिके बंद पडली. पुढच्याच वर्षी ब्रिटनने कायदा करून लहान मुलांच्या हाती पडू शकतील अशा भीषण चित्रकथांवर बंदी घातली, आणि तो कायदा लागू असतानाच, सतरा वर्षांनी, त्याच कथांवरचा चित्रपट त्याच देशात प्रौढांसाठी तयार झाला.

चित्रपटात एक गोष्ट मात्र हरवली, हे मान्य करायला हवे. मूळ अंकांत कथा सांगणारी म्हातारी भुते खदाखदा हसत, कोट्या करत, वाचकाची टर उडवत. राल्फ रिचर्डसन यांचा झगा पांघरलेला निवेदक गंभीर न्यायाधीशासारखा बसून राहतो. थट्टेला पैसे लागत नव्हते, तेव्हा इथे काटकसरीची सबब चालणार नाही. ही दिग्दर्शकाची निवड होती आणि मला ती चुकीची वाटते. एचबीओच्या मालिकेतील बाहुल्याने पुढे ती थट्टा परत आणली.

आता दुरुस्तीविषयी. चित्रपटातील पाच कथांपैकी 'रिफ्लेक्शन ऑफ डेथ' आणि 'ब्लाइंड ॲलीज' या दोनच 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' या द्वैमासिकातल्या आहेत. पहिली २३ व्या अंकातली आणि दुसरी ४६ व्या, म्हणजे फेब्रुवारी-मार्च १९५५ च्या अखेरच्या अंकातली. नाताळची कथा 'व्हॉल्ट ऑफ हॉरर'च्या ३५ व्या अंकातली असून ती जॉनी क्रेग यांची आहे. 'पोएटिक जस्टिस' आणि 'विश यू वेअर हिअर' या 'हॉण्ट ऑफ फिअर'मधल्या आहेत आणि दोन्ही इंगल्स यांनी चितारल्या आहेत. गंमत अशी, की १९७३ मध्ये अ‍ॅमिकसने 'व्हॉल्ट ऑफ हॉरर' या नावाने जो पुढचा चित्रपट काढला, त्यात त्या नावाच्या नियतकालिकातली एकही कथा नाही. चार कथा 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'मधल्या आणि एक 'शॉक सस्पेन्स्टोरीज'मधली आहे. नावांचा हा घोळ मुळात निर्मात्यांचाच असल्याने आपल्या लेखकांना मी दोष देत नाही. पुढील अंकात ही दुरुस्ती छापावी, आणि जागा असल्यास इंगल्स, क्रेग व इव्हान्स या तीन चित्रकारांची नावेही द्यावीत. मूळ लेखात दिग्दर्शकांची नावे आहेत, चित्रकारांपैकी एकाचेही नाही.

कळावे,
आपला एक नियमित वाचक